आधी गेट बंद, मग माळा: एका स्टोअरवाल्याची घर आवरायची रीत

भोसरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो. बेअरिंग, ऑइल सील, नट-बोल्ट, हातमोजे, कटिंग ऑइलचे बॅरल, सगळं माझ्या सहीने आत यायचं आणि माझ्याच सहीने बाहेर जायचं. निवृत्त होऊन दिवसभर घरात बसायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये वस्तूंना आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही. येतात आणि राहतात. आम्ही माणसं तीन: आई, बायको आणि मी. लेक लग्न होऊन बंगळुरूला गेली, पण तिचं सामान अजून माहेरीच आहे.

"अहो, तुमचं ते स्टोअर घरात आणू नका," बायको म्हणाली. मग तिनेच अटी घातल्या. स्वयंपाकघरात ती सांगेल तसं. बाकी घरात मी म्हणेन तसं. आईच्या ट्रंकेला कोणी हात लावायचा नाही. या अटींवर काम सुरू झालं आणि पारही पडलं. ते कसं करायचं, ते इथे लिहितो.

घर आवरण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात 'टाका, टाका' एवढंच असतं. टाकायचं कुठे आणि द्यायचं कोणाला, हे कोणी सांगत नाही. मग रविवारी उत्साहाने पाच-सहा पिशव्या भरल्या जातात, गॅलरीत जातात आणि दिवाळीपर्यंत तिथेच बसतात. मधल्या काळात कोणीतरी त्यातलं एक पातेलं हळूच परत आत आणतं. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी आत येणं थांबवा, मग बाहेर जायच्या वाटा ठरवा, आणि मगच माळा उघडा.

मुहूर्त: पितृपंधरवडा

कारखान्यात वार्षिक स्टॉक मोजताना इनवर्ड बंद ठेवतात. ट्रक आला तरी गेटवर उभा. मोजणी चालू असताना माल येत राहिला तर आकडा कधीच जुळत नाही. घरातही तेच. एकीकडे आवरताय आणि दुसरीकडे रोज एक पार्सल येतंय, मग आवरून उपयोग काय?

आपल्याकडे असं इनवर्ड बंद ठेवायची सोय पंचांगातच आहे. भाद्रपद पौर्णिमेनंतर सर्वपित्री अमावास्येपर्यंत बहुतेक घरांत नवीन काही घेत नाहीत. कपडा नाही, भांडं नाही, फ्रीज-टीव्ही तर नाहीच. त्यात अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात. घट बसायच्या आत गावाकडे घर सारवून, वाकळा-गोधड्या ओढ्यावर धुऊन घेतात. म्हणजे कामाला सुरुवातीची तारीख आहे आणि शेवटचीही. पाऊसही ओसरत आलेला असतो, काढलेलं सामान उन्हात टाकता येतं. दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नका. तेव्हा फराळ असतो, पाहुणे असतात, आणि बाजारातून रोज काहीतरी घरात येत असतं.

तुमच्याकडे पंधरवडा पाळत नसतील तर वर्षातले कुठलेही पंधरा दिवस घ्या. अट एकच: भाजी, दूध, किराणा आणि औषध सोडून त्या दिवसांत घरात काहीही येणार नाही.

बाहेर जायच्या वाटा

पहिले दोन दिवस कपाटाला हात लावू नका. एका कागदावर फक्त एवढंच लिहा की कुठल्या प्रकारची वस्तू कोण नेणार आणि कोणत्या वारी नेणार. फोन करून खात्री करा. हा कागद फ्रीजला लावला की निम्मं काम झालं.

रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं, पुठ्ठा आणि वह्या-पुस्तकं वेगवेगळी द्या, तिन्हींचे दर वेगळे असतात. भंगाराचंही तसंच. लोखंड, जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम), तांबं, पितळ एका पोत्यात कोंबून दिलं तर सगळ्याला लोखंडाचा भाव मिळतो. एक छोटं लोहचुंबक जवळ ठेवा. पितळेसारख्या दिसणाऱ्या समईला ते चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. तांबं, पितळ, जर्मन यांना ते चिकटत नाही. स्टीलच्या बाबतीत मात्र चुंबकावर जाऊ नका. चिकटत नाही ते भारी स्टील, असं भांड्यांच्या दुकानात सांगतात, पण हलकं स्टीलही कित्येकदा चिकटत नाही. उलट इंडक्शनवर ठेवायला चिकटणारंच भांडं लागतं.

तांब्या-पितळेचं भांडं भंगारात घालण्याआधी मोडीचा भाव विचारा. पुण्यात भांड्यांच्या जुन्या दुकानांत मोड घेऊन नवीन भांडं देतात. आता, पंधरवडा चालू आहे, नवीन काही आणायचं नाही, तेव्हा मोडीचे पैसे घ्या. भांडं वापरात ठेवायचं असेल तर कल्हई करून घ्या. कल्हई न केलेल्या पितळेत आमटी-ताक ठेवू नये, हे घरातल्या बायकांना माहीत असतं, पुरुषांना नसतं.

बोहारणीशी व्यवहार जपून. ती आठ साड्या आणि दोन पँटी घेऊन जाते आणि बदल्यात स्टीलच्या तीन वाट्या ठेवून जाते. म्हणजे आउटवर्ड झालं तसं इनवर्डही झालं. बायकोने यावर तोडगा काढला. एरवी तीन लहान भांड्यांऐवजी एकच, खरोखर हवं असलेलं मागायचं. नसेल हवं, किंवा पंधरवडा चालू असेल, तर कपडे तसेच देऊन टाकायचे. बोहारीण आधी संशयाने बघते, मग घेते.

सुती साड्या आणि धोतरं गोधडीसाठी बाजूला ठेवायची तर गोधडी शिवणारी बाई आधी ठरवा, आणि किती गोधड्या हव्यात तेही. 'गोधडीसाठी' म्हणून ठेवलेली गाठोडी मी बऱ्याच घरांत बघितली आहेत. त्यातली गोधडी झालेली क्वचितच.

पुणे शहरात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेते. जुने कपडे, मोडकं फर्निचर, ई-कचरा असलं सामानही ती वेगळं गोळा करते. तुमच्या गावात, प्रभागात अशी सोय कोणाची आहे ते विचारून ठेवा. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर, रिमोट भंगारवाल्याला देऊ नका. फोन रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. बॅटरी फुगलेली असेल तर ती सुक्या कचऱ्यात कधीच टाकायची नाही. गाडीत दाबली गेली की पेट घेते. ट्यूबलाइट, सेल, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया हे घरगुती घातक कचऱ्यात मोडतं, घंटागाडीत वेगळं द्यायचं. औषधाची पट्टी आणि बाटलीचं लेबल कापून द्या, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या पोटात जाणार नाही.

चालू अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि गाइडं जूनच्या आसपास अप्पा बळवंत चौकात विकली जातात. अभ्यासक्रम बदलला की ती नुसती रद्दी. जुनी घड्याळं, अडकित्ते, पितळी कुलुपं असलं काही निघालं तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारून भाव बघा. विकायला नाही, नुसता भाव बघायला. तिथून काही घेऊन मात्र येऊ नका.

ठेवायचं की नाही, हे कसं ठरवायचं

स्टोअरमध्ये दोन आकडे महत्त्वाचे. वस्तू शेवटची कधी हलली, आणि परत मागवायची झाली तर यायला किती वेळ लागेल. दुसऱ्याला आम्ही लीड टाइम म्हणायचो. परदेशातून यायला तीन महिने लागणारं बेअरिंग वर्षभर वापरलं नाही तरी मांडणीवर ठेवायचंच. समोरच्या हार्डवेअरमध्ये दहा मिनिटांत मिळणारा बोल्ट पोतंभर ठेवला तर साहेब कान धरायचा.

घरात 'लागेल कधीतरी' म्हणून जे ठेवतो त्याला हाच प्रश्न विचारा: लागलंच, तर परत मिळायला किती वेळ आणि किती पैसे? सुतळी, वायरचे तुकडे, जुने नळ, प्लगटॉप, स्क्रू: खाली दुकान आहे. एका डब्यात मावेल एवढं ठेवा, बाकी सोडा. आईच्या चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद, शिलाई मशीनची जुनी बॉबिन केस, कुकरची शिट्टी, जुन्या मॉडेलच्या मिक्सरचं भांडं: मिळायला हिंडावं लागतं. ठेवा.

या प्रश्नामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी होणारी निम्मी भांडणं संपतात. आमची आई माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने रोजगाराच्या कामावर खडी फोडली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, आम्हाला दुष्काळी मदतीतली सुकडी खायला घातली. त्या साली धान्याचा लीड टाइम कोणालाच सांगता येत नव्हता. त्यानंतरही बरीच वर्षं टेलिफोनला थांबा, गॅसला थांबा, स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा. त्या माणसांनी साठवलं ते हिशेब बरोबर होता म्हणून. आता खालच्या दुकानातून दहा मिनिटांत गहू वर येतो. हिशेबातला एक आकडा बदलला, एवढंच. आईला मी 'तुला सोडवत नाही' असं कधी म्हणत नाही. 'आता खाली मिळतं' एवढंच सांगतो. ते ती ऐकते.

वर्षाच्या गव्हाचं तसंच. ती दर उन्हाळ्यात क्विंटलभर घ्यायला लावायची. आम्हा तिघांना महिन्याला आठ-दहा किलो लागतो. आता एका कोठीत ३० किलो बसतो, संपत आला की पुढचा. किड्यांचं काम कमी झालं आणि पलंगाखालची जागा मोकळी झाली.

माळा

माळा काढताना दोन माणसं हवीतच. एक शिडीवर, एक खाली शिडी धरून. नाकाला फडकं बांधा. आणि सगळं एकदम खाली उतरवू नका. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये चालायला जागा उरत नाही, जेवायची वेळ होते आणि मग सगळं जसंच्या तसं वर जातं. एका वेळी तीन नग उतरवा, त्यांचा निकाल लावा, मग पुढचे तीन.

आमच्या माळ्यावरून निघालं ते साधारण सगळ्यांच्या माळ्यावर असतं. रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्या पिना आणि नरसाळं. छपरावरचा अँटेना. लेकीचा पाळणा. मिक्सर, टीव्ही, इस्त्री यांचे खोके, आतल्या थर्माकोलसकट. गणपतीचं जुनं मखर. रुखवतातला लोकरीचा बंगला. घंगाळ. आणि जर्मनची पातेली, एकात एक घातलेली.

खोक्यांचा निकाल सोपा आहे. बदलून मिळायची मुदत संपली की खोका रद्दीत. वॉरंटीला खोका लागत नाही, बिल लागतं. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात कागद कोरा होतो.

पातेल्यांपाशी अडलं. सगळ्यात मोठं आईने हातात घेतलं. काठ एका बाजूला आत दुमडलेला, बुडाला पोचे, एका कानाचा रिव्हेट निघालेला आणि तिथे तार पिळून बांधलेली. ती तार माझ्या वडिलांनी बांधलेली होती.

"ह्यात पाणी आणलंय म्या बहात्तर सालात. टँकर यायचा."

"मग हे ठेवायचं. बाकीची?"

तिने एकेक उचलून बघितलं. "ही कशाला पायजेत? द्या त्या भंगारवाल्याला. पर भाव नीट घ्या, जर्मन हाय."

वयस्कर माणसांच्या बाबतीत ही रीत धरा. 'यातलं काय टाकू?' असं विचारायचं नाही. विचारायचं, 'यातलं काय ठेवू?' त्यांनी मनातली एक वस्तू उचलली की बाकीची त्यांना नुसती भांडी दिसतात. आणि जे ठेवलं ते पुन्हा माळ्यावर टाकू नका. ते पातेलं आता गॅलरीत आहे, आई त्यात आळू लावते.

दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता द्यायची नाही. लेकीची शाळेतली पदकं, चित्रकलेच्या वह्या, भरतनाट्यमची घुंगरं, सगळं हॉलमध्ये मांडून व्हिडिओ कॉल लावला. घुंगरं आणि दोन वह्या तिने मागितल्या. पदकांचा फोटो काढायला सांगितलं. पाळण्याबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हा पाळणा राहिला. जागा अडते, हे मला दिसतं. पण काही प्रश्न स्टोअरवाल्याने विचारायचे नसतात.

वर परत जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. '१: गणपतीच्या लाइटा, तोरण, चौरंग. २: पाहुण्यांच्या चादरी. ३: दिवाळीचे साचे, सोऱ्या, आकाशकंदील.' यादीत बसलं नाही ते वर जाणार नाही. फोनमध्येही एक फोटो ठेवा, म्हणजे 'चौरंग कुठंय?' म्हणून घरून फोन आला तर भाजी मंडईतून सांगता येतं.

स्वयंपाकघर

हे बायकोचं खातं, मी हमालीला. पण मांडणी तिने स्टोअरची घेतली. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळ्यांवर. आठवड्याने लागणारं त्याच्या खाली. सणावारी लागणारं सगळ्यात वर. रोजचा पोळपाट खाली वाकून काढावा लागतो आणि डोळ्यांसमोरच्या फळीवर लग्नातला काचेचा डिनर सेट बसलेला असतो, अशी घरं पुष्कळ आहेत.

प्लॅस्टिकच्या डब्यांसाठी एक संध्याकाळ. सगळे डबे आणि सगळी झाकणं जमिनीवर. जोडी लागली ते एका बाजूला. झाकण नाही तो डबा आणि डबा नाही ते झाकण, दोन्ही भंगारात, चर्चा नाही. मग राहतात श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे. यांचा उपयोग एकच: डबा परत मागायचा नसेल तेव्हा कोणाला काही द्यायला. दिवाळीला फराळ किती घरी जातो ते मोजा आणि तेवढेच ठेवा. काळ्या डब्यांत गरम काही भरून देऊ नका. बायको तर ते घरात ठेवतच नाही.

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, सपाट करून रद्दीवाल्याला. पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून काढू नका, लटकता राहू द्या. तो चिमुकला तुकडा कोणी वेचत नाही, गटारात जातो.

फ्रीजच्या दारात सॉसच्या आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या भरलेल्या असतात. त्यांच्यावरची तारीख वाचा. मी वाचली, आणि पुढे काही बोलावं लागलं नाही.

कागद

माझ्या हिशेबी घरातला सगळ्यात धोकादायक पसारा कागदांचा. त्यात टाकायचं आणि ठेवायचं एकमेकांत मिसळलेलं असतं. चार फायली करा.

पहिली, कायमची. जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, शाळा सोडल्याचे दाखले, घराचा करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), मृत्युपत्र. गॅस कनेक्शनचं सबस्क्रिप्शन व्हाउचरही यातच, कनेक्शन परत करताना डिपॉझिट त्यावर मिळतं. दुसरी, चालू: विमा, ठेवी, वॉरंटीची बिलं, हयातीचा दाखला दिल्याची पावती. तिसरी, कर. पगारदार किंवा पेन्शनर माणसाने आठ वर्षांची ठेवली तर पुरे. चौथी, वर्षाची: विजेची आणि फोनची बिलं, सोसायटीच्या पावत्या. नवीन वर्षाची 'बाकी नाही' अशी पावती आली की जुन्या पावत्या गेल्या.

डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेलं प्रमाणपत्र मूळ कागदाच्या बरोबरीने चालतं. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेलं ते नव्हे. हा फरक लक्षात ठेवून मगच मूळ कागदांचा विचार करा. आणि घराचे मूळ कागद कुठल्याही परिस्थितीत टाकायचे नाहीत.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या फायलीत कागदी शेअर निघाले तर 'कंपनी बंद पडली असेल' म्हणून रद्दीत घालू नका. कंपनीचं नाव बदललेलं असतं, एकीचं दुसरीत विलीनीकरण झालेलं असतं. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, केल्याशिवाय विकता येत नाहीत. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात, पण वारसाला अर्ज करून परत मिळवता येतात. कटकट आहे, पण पैसे जात नाहीत.

रद्दीत देण्याआधी आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंटं आणि जुने चेक बारीक फाडा. वड्याखाली आपला पॅन नंबर जाऊ नये.

देवाच्या तसबिरी

आवरणारी सगळी घरं इथे थांबतात. काच तडकलेली, रंग उडालेला, पण टाकवत नाही. मग ती तसबीर रात्री पिंपळाखाली ठेवून येतात आणि सकाळी तिच्यावर कुत्री बसतात. त्यापेक्षा घरीच उत्तरपूजा करा. गंध, फूल, अक्षता, आणि आजवर सांभाळल्याबद्दल नमस्कार. मग फ्रेम उघडा. काच, लाकूड, खिळे वेगळे करून आपापल्या वाटेने द्या. कागदाचं चित्र पाण्यात भिजवून लगदा करा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. चित्र प्लॅस्टिकच्या थराचं असेल तर हे जमत नाही. काही शहरांत अशा तसबिरी गोळा करणारे गट आहेत, तिथे द्या. मंदिरात विचारलं तर कळतं.

आईला हे चालेल का, अशी मला धास्ती होती. तिनेच लगदा केला आणि तुळशीत घातला.

गेट उघडल्यावर

दसरा-दिवाळीला इनवर्ड पुन्हा सुरू होतं, ते थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण आपल्या घरांत दुकानातून येतं त्याच्या बरोबरीने माणसांकडून येतं, आणि माणसांकडून आलेलं नाकारता येत नाही. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवात प्लॅस्टिकच्या टोपल्या, स्टीलच्या डब्या, कुंकवाचे करंडे. ओटीचे ब्लाउज पीस. लग्नामुंजीतले आहेर, टॉवेल-टोपी, शर्टपीस. सोसायटीच्या वर्धापनदिनाचं भिंतीवरचं घड्याळ.

वाण आलं की हळदीकुंकू लावून घ्यावं आणि वस्तू हसत घ्यावी. ती घरात किती दिवस राहील हे आपल्या हातात. बायकोने एक खण ठेवला आहे, 'फिरतं' नावाचा. ब्लाउज पीस, न उघडलेल्या डब्या, शर्टपीस त्यात. प्रत्येकात एक चिठ्ठी: कोणाकडून, कोणत्या प्रसंगी. चिठ्ठी अत्यंत महत्त्वाची. नणंदेने दिलेला ब्लाउज पीस दोन वर्षांनी नणंदेच्याच ओटीत गेला तर काय होतं ते सांगायला नको. खण भरला की गावच्या यात्रेला जाताना रिकामा करायचा.

स्वतः वाण देताना संपणारं द्या. तिळाच्या वड्या, गूळ, शिकेकाई, हळकुंडं, एखादं रोप. बायकोने एका वर्षी कढीपत्त्याची रोपं दिली. त्यांचं कौतुक झालं, आणि त्यातली किती जगली ते आम्ही विचारत नाही. कार्य आपलं असेल तर पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापायला लाजू नका. आणतात ते आणतातच, पण कमी आणतात.

ऑनलाइन खरेदीला आमच्याकडे गेट पास आहे. हवी ती वस्तू फ्रीजवरच्या कागदावर तारखेसकट लिहायची. महिन्याने अजून हवी वाटली तर, आणि ती कुठे राहणार ते दाखवता आलं तर मागवायची. लिहिलेलं बरंचसं महिन्याच्या आत खोडलं जातं. बहुतेक खोडाखोड माझ्या अक्षरातली असते, हार्डवेअरची.

पुढच्या वर्षीपर्यंत धरून ठेवायला दर अमावास्येला एक कोपरा. कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्याच्या चौकटीत लिहून ठेवा. मार्गशीर्षात औषधांचा डबा. पौषात 'फिरतं' खण, कारण मागोमाग रथसप्तमी आटोपून तो भरणार असतो. माघात कागद, कारण पुढे ३१ मार्च. वैशाखात वह्या-पुस्तकं, शाळा सुरू व्हायच्या आत. आषाढात दिव्यांची अवस, तेव्हा पितळी भांडी घासायला निघतातच, त्यातली न लागणारी तिथेच वेगळी काढा. श्रावणात काही लिहू नका. सणांना माणसं येतात, आणि पाहुणा घरात असताना बायकोला माळ्याची यादी मागू नये, एवढं मी शिकलो आहे.